दोन कानांचे दोन शोधनिबंध

ज्ञान वाढलं की नाही, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. पण ज्ञानाचे नग किती निघाले, हे मात्र मोजता येतं. आणि जे मोजता येतं त्यालाच बाजारात भाव असतो, हे धोंडीबाशेठना चाकणच्या कांदाबाजारात उमेदीची वर्षं घालवताना कुठल्याही विद्यापीठात न जाता कळलं होतं. म्हणून पुढे त्यांनी स्वतःचंच विद्यापीठ काढलं आणि त्याला आईचं नाव दिलं.

मातोश्री ठकुबाई अभिमत विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय चाकणच्या अलीकडे, दोन कारखान्यांच्या मधोमध उभं आहे. डावीकडे गाड्यांचे बंपर तयार होतात, उजवीकडे सायलेन्सर आणि मधल्या इमारतीत शोधनिबंध. तिन्हीकडे किती माल निघाला ते फळ्यावर लिहितात. (बंपर आणि सायलेन्सर पुढे कुणीतरी तपासूनही घेतं. असो.)

इथल्या प्रत्येक अध्यापकाने वर्षाला चार शोधनिबंध द्यावेत असा नियम आहे. रुग्ण किती तपासावेत याबद्दल नियम नाही, कारण त्याने विद्यापीठाची क्रमवारी बदलत नाही. या कामावर देखरेख ठेवण्यासाठी 'संशोधन वृद्धी कक्ष' आहे आणि त्या कक्षाचे प्रमुख डॉ. स्वराज टेमगिरे यांनी गेल्या वर्षी एकशे बारा निबंध प्रसिद्ध केले. म्हणजे साधारण सव्वातीन दिवसांना एक. त्यात दिवाळी, त्यांचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आणि धाकट्याचं जावळ धरलेलं आहे. इतका कामसूपणा शेजारच्या दोन्ही कारखान्यांत मिळून सापडणार नाही.

त्यांची पद्धत सोपी आणि म्हणूनच थोर होती. संशोधनाला माणसं लागतात आणि वसतिगृहात माणसं फुकट मिळतात. विद्यार्थ्यांची झोप, विद्यार्थ्यांचा मोबाईल, झोप आणि मोबाईल यांचा संबंध, मग तोच संबंध मुलींच्या वसतिगृहात. एका मुलाने वर्षभरात इतक्या प्रश्नावल्या भरल्या, की 'तुम्हाला नैराश्य येतं का?' या प्रश्नापुढे त्याने 'प्रश्नावली आली की येतं' असं लिहिलं. हे उत्तर अपवादात्मक म्हणून वगळण्यात आलं.

अशा या भरल्या घरात डॉ. उझ्मा शिकलगार जनवैद्यक विभागात रुजू झाली आणि तिने पहिल्याच वर्षी संशोधन करायला घेतलं. नव्या माणसाकडून ही चूक होते.

उझ्मा दापोडीची. तिच्या वडिलांचं, इम्तियाजभाईंचं, रेल्वेलाइनीजवळ गाड्यांचे पत्रे सरळ करायचं गॅरेज. आयुष्यभर पत्रा ठोकून ठोकून त्यांचे कान गेले होते. त्यामुळे त्यांच्या घरात कुणी हळू बोलतच नसे. नवीन भाडेकरूला वाटायचं, आत भांडण पेटलंय. आत चाललेली असायची चहात साखर किती घालायची याची विचारपूस. डॉक्टर झाल्यावर उझ्माच्या डोक्यात एक साधा प्रश्न होता: एका हातोड्याने अब्बांचं असं झालं, तर चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, जिथे शेकडो टनांचे प्रेस दिवसरात्र पत्र्यावर आदळतात, तिथल्या माणसांचं काय होत असेल?

तिने विद्यापीठाकडे बीजनिधी मागितला. समितीने तीन प्रश्न विचारले. सहा महिन्यांत आटोपेल का? निबंध किती निघतील? आणि लॅपटॉप शेवटी कुणाकडे राहणार? लॅपटॉप संस्थेकडेच राहील असं तिने सांगितल्यावर निधी मंजूर झाला. त्यातला बराचसा उद्घाटनातच खर्च झाला, कारण उद्घाटन न झालेलं संशोधन इथे संशोधन धरत नाहीत. फलकावर धोंडीबाशेठ हात जोडून उभे होते आणि खाली कोपऱ्यात 'प्रमुख संशोधक : डॉ. उष्मा' असं छापलं होतं. मे महिना असल्यामुळे कुणाला खटकलं नाही.

ऐकण्याची क्षमता तपासायचं यंत्र कान-नाक-घसा विभागात होतं. बाहेरची तपासणी समिती आली की त्याचं प्लास्टिक काढत आणि ती गेली की पुन्हा चढवत. उझ्माने ते यंत्र मागितलं तेव्हा विभागप्रमुखांच्या डोळ्यांत पाणीच यायचं बाकी होतं. "वापरणार?" त्यांनी विचारलं. "बघा हं, नवीन आहे अजून."

प्रेस शॉपचा कारखाना धोंडीबाशेठच्या व्याह्यांचा. त्यांनी परवानगी लगेच दिली. कुणी खरोखरच येईल असं त्यांना वाटलं नसावं.

उझ्मा गेली. कारखान्याच्या आवारातल्या, त्यातल्या त्यात शांत अशा कोठाराच्या खोलीत तिने यंत्र मांडलं आणि एकेका कामगाराला बोलवायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात सावळाराम आला. चाकणच्या पलीकडच्या गावचा, पन्नाशीचा, प्रेसवर अर्धं आयुष्य काढलेला कंत्राटी कामगार. तिने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले आणि खुणा करकरून समजावलं, की शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं.

सावळारामने बटण असं तालात दाबलं की उझ्माला हायसं वाटलं. एक तरी कान शाबूत निघाला! मग तिच्या लक्षात आलं, की तिने यंत्र अजून चालूच केलेलं नाही.

"काका," ती त्याच्या कानाशी ओरडली, "मशीन बंद आहे! बटण का दाबताय?"

"आता बाई येवढ्या लांबून आल्या," सावळाराम ओशाळून म्हणाला, "काय तरी दाबावं म्हनलं."

"म्हणजे काहीच ऐकू येत नाही?"

"येतं की. पर ते आतलंच येतं, मशिनीचं. सुट्टीच्या दिशीबी थांबत न्हाई." तो हसला. मग दाराकडे बघून त्याने आवाज उतरवला. निदान त्याला तसं वाटलं, कारण प्रत्यक्षात तो बाहेरच्या सुपरवायझरलाही ऐकू गेला असता. "पर ह्ये हाफिसात सांगू नगा. आमी कंत्राटी हाय. भैरा म्हनून काढत्याल."

"कुणाचंही नाव बाहेर जाणार नाही," उझ्माने शब्द दिला.

वर्षाअखेरीला तिने एकशे ऐंशी माणसं तपासली होती. त्यातल्या एकशे चौदा जणांचे, म्हणजे त्रेसष्ट टक्क्यांचे, कान अधू झाले होते. आणि फळ्यावर तिच्या नावापुढे शून्य होतं.

डॉ. टेमगिरेंनी तिला बोलावून घेतलं. ते रागावले नाहीत; मोठी माणसं रागावत नाहीत, हळहळतात.

"अहो मॅडम, एवढा कच्चा माल आणि एकच निबंध? उजव्या कानाचा एक करा, डाव्या कानाचा दुसरा. देवाने माणसाला दोन कान उगाच दिलेत का?"

"सर, दोन्ही कान एकाच माणसाचे आहेत."

"मग दोन्ही कानांची तुलना, हा तिसरा!" डॉ. टेमगिरेंचा चेहरा उजळला. "आणि ज्यांना ऐकू येतं त्यांचा चौथा. बघा, झालं की वर्षाचं!"

पण उझ्माने एकच निबंध लिहिला आणि त्यात शेवटी स्पष्ट म्हटलं, की या कारखान्यातला आवाज माणसांना बहिरं करतो आहे आणि तो कमी करणं शक्य आहे. मसुदा नियमानुसार कक्षाकडे गेला, कक्षाकडून कुलपतींकडे, म्हणजे धोंडीबाशेठकडे, आणि कुलपतींकडून अनियमानुसार व्याह्यांकडे. दुसऱ्या दिवशी तिला धोंडीबाशेठच्या दालनात चहा मिळाला. सोबत खारे काजू होते, त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे तिने ओळखलं.

"पोरी," शेठ प्रेमाने म्हणाले, "खोटं लिही असं मी जन्मात कुणाला सांगितलं नाही. खोटं आपल्याला चालत नाही. पण खरं किती लिहायचं, याला काही प्रमाण? कांदा सोलत सोलत गेलं तर हातात काय राहतं?"

"डोळ्यांत पाणी राहतं, साहेब," उझ्मा म्हणाली.

शेठ मनापासून हसले. विनोद त्यांना आवडायचा. मसुदा मात्र त्यांनी ठेवून घेतला.

तो दाबला असं म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला फक्त 'पूरक अभ्यासाची' जोड देण्यात आली. कक्षाने दोन पदव्युत्तर विद्यार्थी त्याच कारखान्यात पाठवले. त्यांनी चालू शिफ्टमध्ये, चालू प्रेसच्या शेजारी उभं राहून प्रत्येकाला विचारलं, "इथल्या आवाजाचा तुम्हाला त्रास होतो का?" ज्यांना ऐकू गेलं ते "होतो" म्हणाले. ज्यांना ऐकू गेलं नाही ते "आँ?" म्हणाले. प्रश्नावलीत 'आँ' साठी रकाना नव्हता, म्हणून त्याची नोंद 'नाही' अशी झाली. त्रेसष्ट टक्के कामगारांना आवाजाचा कसलाही त्रास नाही, हे अशा रीतीने शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालं. 'औद्योगिक कामगारांमधील ध्वनी-समाधान' हा निबंध पंधरवड्यात एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आला. (संपादकांचे मेहुणे दुबईला असतात.) लेखक अकरा होते. उझ्माचं नाव तिला न विचारता सातवं घातलं होतं. यंदा मात्र ते बरोबर छापलं होतं.

व्याह्यांनी आनंदाने विद्यापीठाला 'ध्वनी-समाधान संशोधन केंद्र' देऊ केलं. त्याच्या सोहळ्यात अकरापैकी पहिल्या सात लेखकांनी दोन-दोन मिनिटं बोलायचं ठरलं. पहिल्या रांगेत सावळाराम आणि आणखी काही कामगार फेटे बांधून, 'समाधानी' म्हणून बसवले होते. उझ्माची पाळी आली. तिने समोरचा कागद बाजूला सारला.

"त्रेसष्ट टक्के कामगारांचे कान चाललेत," ती दापोडीच्या घरातल्या आवाजात म्हणाली. "त्यांना त्रास होत नाही, कारण त्यांना विचारलेलंच ऐकू आलं नाही. हा निबंध खोटा आहे आणि माझं नाव त्यातून काढा."

मग 'त्रेसष्ट टक्के' एवढंच नेमकं कानावर पडलेल्या धोंडीबाशेठनी टाळी वाजवली, आणि शेठ वाजवतात म्हटल्यावर सभागृह कडाडलं. इतर वाजवताहेत हे बघून सावळारामनेही वाजवली. वृत्तान्तात आलं, 'डॉ. शिकलगार यांनी ओघवत्या शब्दांत संशोधनाचा आढावा घेतला.' सभागृहात ऐकण्याचं काम एकट्या व्याह्यांनी केलं होतं. त्यामुळे पुढच्या सोमवारी उझ्माची महाविद्यालयाच्या ग्रामीण आरोग्य केंद्रात बदली झाली, 'त्यांच्या समाजाभिमुख वृत्तीचा यथोचित गौरव म्हणून'.

घरी तिने अब्बांना सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओरडून सांगितलं. अर्ध्या गल्लीने ऐकलं. तिच्या निष्कर्षाला मिळालेली ही सर्वांत मोठी प्रसिद्धी.

"मग? नोकरी सोडते का?" इम्तियाजभाईंनी विचारलं.

"माहीत नाही, अब्बा."

"सोडू नको. तू सोडलीस तर तुझ्या खुर्चीवर बसणारा गप्प बसेल. मग प्रश्न कोण विचारणार? तूच विचारत राहा."

ती आरोग्य केंद्रात रुजू झाली. महिन्याभराने एका सकाळी सावळाराम लंगडत आला. पाठीमागून येणारी फोर्कलिफ्ट त्याला ऐकूच आली नव्हती. अंगठ्यावर निभावलं होतं. उझ्माने ड्रेसिंग केलं.

"बाई, त्या दिशी तुमी श्टेजवर काय बोलला, ते मला पोरानं मोबाईलवर ऐकून घरी हातवारे करून सांगितलं. मी बी टाळ्या पिटल्या म्हनं. माजं नाव लिवा आता. जिथं लिवायचं तिथं लिवा."

"काका, मी शब्द दिला होता. आणि काढलं तुम्हाला कामावरून, तर?"

"काडू द्या. फोर्कलिफ्ट काय इचारून काडनार व्हती?"

तिने त्याचा अहवाल लिहिला, कामगार विम्याकडे अर्ज केला, वैद्यकीय मंडळापुढे त्याच्यासोबत गेली. ठेकेदाराने त्याला प्रेसवरून हलवून गेटवर बसवलं, ओव्हरटाइम बुडाला. पण चार महिन्यांनी कानात श्रवणयंत्र आलं. ते लावून तो घरात शिरला आणि बायकोला म्हणाला, "अगं, येवढ्या मोठ्यानं का वरडती?" बिचारी एवढी वर्षं ओरडून बोलत आलेली, पदर डोळ्यांना लावून ती पहिल्यांदाच हळू बोलली, आणि त्याला ऐकू गेलं. पुढच्या आठवड्यापासून केंद्राच्या दारात प्रेस शॉपच्या माणसांची रांग लागली.

वार्षिक मूल्यमापनात उझ्माच्या नावापुढे याही वर्षी शून्य आहे; सातवं नाव हिशेबात धरत नाहीत. नवऱ्याला बायकोचं बोलणं ऐकू येणं हा संशोधनाचा निष्कर्ष धरता येत नाही, असं कक्षाने कळवलं आहे, आणि तज्ज्ञांमध्येही त्याच्या उपयुक्ततेबद्दल मतभेद आहेत.

विद्यापीठ मात्र क्रमवारीत चौदा स्थानं वर चढलं. तो आकडा आता रुग्णालयाच्या स्वागतकक्षात सोनेरी अक्षरांत लावला आहे. परवा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कुठं करायचं हे ठरवायला तुम्ही तिथे गेला होता, तेव्हा तो तुम्हीच मोठ्याने वाचून दाखवलात आणि म्हणालात, "इथंच करू. संशोधन जोरात आहे राव यांचं!" निवड उत्तम आहे. ऑपरेशन स्वतः डॉ. टेमगिरे करतील. मुळात ते हाडांचेच डॉक्टर. शेवटचा गुडघा त्यांनी कधी उघडला होता, यावर मात्र अजून कुणी शोधनिबंध लिहिलेला नाही. त्या निबंधातला पहिला गुडघा होण्याचा मान तुमच्या मातोश्रींचा.