रबरी रिंग आणि दारावरची बेल

"मिस्त्री? मिस्त्री कशाला हवा? तीस वर्षं कारखान्यात लोकांची कामं नापास केलीत मी!" तपासनीस फोनवर गरजले.

पलीकडे त्यांची मुलगी होती. "बाबा, नापास करणं वेगळं नि दुरुस्त करणं वेगळं. आणि मी मीटिंगमध्ये आहे."

फोन बंद. ती गेली दोन वर्षं मीटिंगमध्येच होती.

प्रश्न गाडीचा होता. इंजिनातून तेल ठिबकायचं आणि पार्किंगच्या फरशीवर पापडाएवढा काळा डाग पडायचा. तळमजल्यावरच्या हेडबाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण इमारतीला मात्र त्यांनी अजून सुट्टी दिली नव्हती. महिनाभरात तपासनिसांच्या दारावरची बेल सात वेळा वाजली. सातही वेळा हेडबाई, सातही वेळा तेल. आता त्यांनी शेवटचं बजावलं होतं, "रविवारपर्यंत गळती थांबली नाही, तर सोमवारी गाडी भंगारात!"

भंगारात? त्या गाडीतली डावी सीट बायकोने सरकवली होती तिथेच होती अजून. ती गेली, त्यानंतर त्या सीटला कुणी हात लावला नव्हता. तपासनीस संध्याकाळी गाडीत बसून रेडिओ ऐकत. घरात ऐकला तर घर फारच मोठं वाटायचं.

तर रविवारी सकाळी त्यांनी गाडी दोन लाकडी उतारांवर चढवली, चाकांमागे दगड लावले आणि खाली सरपटले. गळती सापडली! तेल गाळायचा डबा, म्हणजे फिल्टर, इंजिनाला जिथे बसतो तिथूनच ठिबकत होतं. जुनं तेल बादलीत काढलं, जुना फिल्टर फिरवून काढला, नवा घट्ट बसवला, नवं तेल ओतलं. पाऊण तासात काम फत्ते! एवढ्या वेळात कारखान्यातले लोक नुसते हातमोजे शोधायचे.

"बाई! या बघायला!" त्यांनी मुद्दाम हाक मारली. कौतुक करायला कुणीतरी हवंच ना!

हेडबाई आल्या. तपासनिसांनी रुबाबात किल्ली फिरवली.

मंडळी, आधी तेल ठिबकत होतं. आता ते सुटलं! पिसाळलेल्या नळासारखं! फरशीवरून धावत ते हेडबाईंच्या स्कूटरखाली गेलं, तिथून त्यांच्या पायपुसण्यावर. पायपुसण्यावर लिहिलं होतं, 'सुस्वागतम'.

"बंद करा!" हेडबाई ओरडल्या. शाळाभर ऐकू जाणारा आवाज तो! चारही मजल्यांची दारं उघडली. कुणी भुसा आणला, कुणी जुनी वर्तमानपत्रं, कुणी वाळू. गाडी बंद करून उतरताना तेलावर घसरलेल्या तपासनिसांना एकाने दंडाला धरून उभं केलं. शिव्या तर सगळ्यांनीच दिल्या. त्यातच दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "काका, सकाळपासून काही खाल्लंत का?"

तपासनीस गोंधळले. हा प्रश्न त्यांना किती दिवसांनी कुणी विचारला होता, त्याचा हिशेब लागेना.

शेवटी मिस्त्री आलाच. फिल्टर काढला, इंजिनावर त्याच्या जागी बोट फिरवलं आणि एक चपटी काळी रिंग सोलून काढली. "साहेब, जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. तुम्ही तिच्यावर नव्याची रिंग बसवलीत. रबरावर रबर. तेल थांबेल कसं? तुम्ही तपासलं नाहीत?"

तीस वर्षं तपासनीस! सगळी इमारत हसली. शरमेने लाल झालेले तपासनीसही हसले. वहिनींनी चहा आणला, सगळे भुशात उभं राहून प्याले. हेडबाईंनी पायपुसण्याचं दुःख तीनदा सांगितलं.

गळती थांबली. गाडी वाचली. फरशी लख्ख.

सोमवारी बेल वाजली नाही. मंगळवारी नाही. बुधवारी तपासनिसांनी स्वतःच बेल दाबून बघितली. चालू होती. गुरुवारी जिन्यात हेडबाई भेटल्या. "आता काही तक्रार नाही हं तुमची!" म्हणून पुढे गेल्या. चांगलंच बोलल्या बिचाऱ्या, पण तपासनिसांच्या जिव्हारी लागलं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी कपाटातून बायकोच्या औषधाचा ड्रॉपर काढला, बादलीतल्या जुन्या तेलात बुडवला आणि खाली गेले. इंजिनाच्या बरोब्बर खाली तीन थेंब टाकले. वाकून निरखले. आकार ठीक, अंतर ठीक, रंग अस्सल. आयुष्यात पहिल्यांदा एखादं काम त्यांनी पहिल्या झटक्यात पास केलं!

मग जिना चढून आले, शर्ट बदलला, दोन कप मांडले आणि दाराशी खुर्ची टाकून बसले.

अकरा मिनिटांत बेल वाजली.

"अहो, पुन्हा गळतेय तुमची गाडी!" हेडबाई कडाडल्या.

"काय सांगता!" तपासनीस म्हणाले. "उभ्या का? आत या, बसा. पहिल्यापासून सांगा."