डोंगरतोडीचे आणि निशाणाच्या रंगाचे वर्तमान

श्रीगजवदनास नमन. शके सोळाशे नव्वद, सर्वधारी नाम संवत्सरे, एके डोंगरी राज्यात जे घडले ते जैसे ऐकिले तैसे लिहिले. पदरचे काही घातले नाही, घातले असेल तर चवीपुरते मीठ.

राज्याचे निशाण तांबडे, आणि ते रंगवावयाचे काम धाकोजी रंगारी याजकडे. ओढ्याचे पाणी आधी जिभेवर घ्यावे, आणि मग हौदात तुरटी व आल नामे झाडाचे तांबडे मूळ टाकावे, ऐसी त्याची चाल. ते साली महाराजांनी नवे वाड्याचे तुळयांकरिता डोंगराची पूर्वेची बाजू तोडविली, आणि नवल जाहले, रंग दुप्पट उठला! धाकोजी भर दरबारी बोलिला, "रान तुटले आणि पाण्यास गुण आला." महाराज संतोषले, शालजोडी दिधली, आणि तीन वर्षे निशाण ऐसे झळकले की शेजारचे राजे जळून खाक जाहले. चौथे वर्षी रंग उठला तो झिजल्या विटेऐसा. मग महाराजांनी आज्ञा केली जे, "तोडिल्याने रंग चढतो ना? पश्चिमेची बाजूही तोडा." कुऱ्हाडी परजल्या. हुकूम महाराजांचा, पण बोल धाकोजीचाच होता.

मग तो डोंगरी चढोन गेला, आणि दोही बाजूंची माती दोन मडक्यांत घेऊन वर एकाच विहिरीचे पाणी ओतिले, निवळू दिले, आणि त्यात दोन चिंध्या रंगविल्या. उभे रानाची चिंधी लाल, तुटले रानाची मातकट. त्या घेऊन दरबारी उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, माझे चुकले. मुळ्या मेल्या, पाचोळा सरला, आणि पावसाने मातीचा कस धुऊन ओढ्यात आणिला, त्यानेच रंग चढला. तीन वर्षे आपण बियाणेच दळून खाल्ले."

"पश्चिम तोडिली तर रंग येईल की नाही, तेवढे सांग."

येथे नुसते 'नाही' म्हणता तर निभावले असते. परंतु माणूस खरा. म्हणाला, "येईल, महाराज. आणिक तीन वर्षे. माझे आयुष्य तेवढेच उरले, माझे भागेल. मागून येणारास मात्र माती नाही आणि पाणीही नाही."

"पूर्वेचा कस माघारी कधी?"

"रान लाविले तर आपले नातू पाहतील."

"आणि तू?"

"मी फिक्यातच जाणार."

महाराजांनी कुऱ्हाडी माघारी बोलाविल्या, पूर्वेस रोपे लावविली, आणि आज्ञा केली जे निशाण फिकेच फडकावे. शेजारी फिदीफिदी हसले. लोक पुसत, "काय धाकोजीबावा, हात विसरला काय?" तर म्हणे, "नाही रे बाबांनो, रंग डोंगरात ठेविला आहे."

सारांश, राज्याने हसे सोसले, रंगारी पुढे चौथे साली वारला, आणि रंग अद्याप आला नाही. रान आहे.