हसऱ्या बाईंचा फोटो

अंत्यसंस्कारगृहाच्या मोठ्या पडद्यावर मृताचा फोटो यायचा आणि गेला आठवडाभर तो भलत्याच मृताचा येत होता. जुना संगणक बसला, म्हणून कमिटीने निराळ्या जातीच्या प्रोसेसरचा नवा आणला. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारी आज्ञावली, त्यावर चालेना. तो चालता करायचं काम संगणक पुरवणाऱ्या कंपनीने आपल्या एका अभियंत्याच्या गळ्यात मारलं.

बापड्याने मान मोडून काम केलं आणि ड्रायव्हर चालू लागला. पण जुना प्रोसेसर सांगितलेली कामं सांगितलेल्या क्रमाने करायचा, नवा स्वतःच्या सोयीने. आधी फोटो ठेव, मग कार्डाला हाक मार, असं बजावलं तरी हा हाक आधी मारायचा. कार्डही हाताशी असेल तो, म्हणजे आधीच्या मृताचा फोटो दाखवून मोकळं. एका मुख्याध्यापिकाबाईंच्या निरोपाला मिशाळ पैलवान झळकला, तेव्हा दुसरी तक्रार वहीत चढली. साहेबांनी शांतपणे सांगितलं, तिसरी आली की उद्यापासून येऊ नका. घरी बायकोचे दिवस भरत आले होते. त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

आज तो सभागृहातच मागे कीबोर्ड मांडीवर घेऊन बसला. निरोप एका कारकुनाचा होता आणि पडद्यावर सकाळच्या आजीबाई तोंडभर हसत होत्या. कारकुनाचा मुलगा चुळबुळत होता. कारकुनाची बायको मात्र टक लावून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. अभियंत्याने फोटो आणि हाक यांच्यामध्ये 'थांब' असा एक हुकूम घातला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं. कपाळाला आठ्या घातलेले, ओठ आवळलेले कारकून अवतरले. त्याला हायसं वाटलं.

बाई उठून मागे आल्या.

"हे तुम्ही केलंत?"

"हो काकू. आता बरोबर माणूस आलाय."

"तेच तर. बेचाळीस वर्षं हाच चेहरा बघितला. त्या बाई हसत होत्या, जरा बरं वाटत होतं. परत लावा."

लावावा तर मुलगा तक्रार करणार. त्याने चाचरत नोकरीचं सांगितलं, तिसऱ्या तक्रारीचा नियम सांगितला.

"मग वही द्या," बाई म्हणाल्या. "चष्मा घरी राहिलाय, तुम्हीच लिहा. मी सही करते."

त्याने वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तक्रार तिसरी : फोटो बरोबर आला.'