चपला पाकोळी हवाई दलात जाते

मुलांनो, एका जंगलात हवाई दल होतं. नदीपलीकडच्या जंगलाने काढलं होतं, म्हणून इकडेही काढलं होतं. अडचण एकच होती. या जंगलाचा राजा सिंह, आणि त्याची मान वर होत नसे. वर्षानुवर्षं वाकून नमस्कार करणाऱ्यांकडे पाहून ती खालीच धरली आहे, असं वैद्य म्हणत. आता जे राजाला दिसणार नाही ते आभाळात करून उपयोग काय? म्हणून हवाई दलाची सगळी कामं जमिनीवर चालत.

ते शहाणपणाचंच होतं. जमिनीवर अपघातही कमी होतात.

त्याच जंगलात, नदीकाठच्या कड्यावर, एका कपारीत एक पाकोळी राहत होती. पाकोळी तुम्ही पाहिली असेल. काळी, इवलीशी, विळ्यासारख्या पंखांची. ती दिवसभर आभाळात असते. खाते तिथेच, पिते तिथेच, आणि जाणते लोक सांगतात की डुलकीही तिथेच काढते. देवाने तिला पंख देताना हात सैल सोडला आणि पाय देताना आखडता घेतला. तिला फांदीवर बसता येत नाही. जमिनीवर उभं राहता येत नाही. नखांनी भिंतीला लटकता येतं, तेवढंच. या पाकोळीचं नाव चपला होतं. चपला म्हणजे वीज. पण हे प्रत्येक वेळी सांगावं लागे.

चपलेचे वडील मागच्या उन्हाळ्यात गेले. पलीकडच्या जंगलातला ससाणा आला आणि भर दुपारी त्यांना उचलून घेऊन गेला. हवाई दल लगेच धावून आलं. धावतच आलं. कड्याखाली रांगेत उभं राहिलं आणि त्याने मानवंदना दिली. मानवंदना फार सुंदर झाली, असं सगळे म्हणाले. चपला वर कपारीत आईला बिलगून बघत होती. तिने तेव्हाच ठरवलं, आपण हवाई दलात जायचं. तिथे जाऊन काय करायचं तेही ठरवलं. ससाण्याला अडवायचं. कपारीत तिची धाकटी भावंडं होती, आणि त्यांना अजून पंख फुटायचे होते.

एके दिवशी वडाखाली ‘हवाई दलातील संधी’ या विषयावर मार्गदर्शन होतं. मार्गदर्शन करायला तितर हवालदार आले होते. तितर हा मुळात गृहस्थ पक्षी. संकट आलं की पळतो, आणि चांगला पळतो.

“हवाई दलात काय नाही?” तितर हवालदार म्हणाले. “रोजची वाळवी आहे. राहायला झुडूप आहे. म्हातारपणी बसून खायची सोय आहे. आणि चार पाखरांत मान आहे, तो वेगळाच.”

“आणि उडायचं कधी?” चपलेने विचारलं. ती वर घिरट्या घालत होती.

“कोण बोललं?”

“मी. इथे, वर.”

हवालदारांनी वर पाहिलं नाही. त्यांना सवय नव्हती. “उडण्याबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत,” ते समोरच्या लाव्ह्यांना म्हणाले. “तो नोकरीचा अगदी बारीकसा भाग आहे. मी सबंध नोकरी केली, मला कधी त्रास झाला नाही.”

घरी येऊन चपला आईला म्हणाली, “आई, मी भरतीला जाते.”

“अगं, आपल्यात कुणी नोकरी केली नाही. तुझे बाबा तर नुसते उडतच राहिले.” आईने धाकट्यांना पंखाखाली ओढलं. “पण जा बाई. दोन वेळच्या वाळवीची तरी काळजी मिटेल.”

“मी वाळवीसाठी नाही जात.”

“ठाऊक आहे गं मला. म्हणून तर भीती वाटते.”

भरती माळावर होती. सरसेनापती मयूरराव स्वतः आले होते. मयूरराव म्हणजे मोर. गणवेश त्यांना जन्मतःच मिळाला होता, त्यामुळे पुढची सगळी बढती ओघाने आली.

“सावधान!” मयूरराव ओरडले.

रानकोंबडे ताठ उभे राहिले. लाव्हे ताठ उभे राहिले. चपला जमिनीवर उतरली आणि पोटावर पडली.

“ही कोण पडलीय?”

“साहेब, मी चपला. मला उभं राहता येत नाही. पण उडता येतं.”

“उडणं शेवटच्या फेरीत. आधी उभं राहायचं.”

“आधी उडून दाखवलं तर चालेल, साहेब?”

मयूरराव मनाने वाईट नव्हते. “दाखव,” ते म्हणाले.

चपला सरपटत एका दगडावर चढली, तिथून तिने अंग झोकून दिलं आणि ती निघाली. माळावरून सुसाट गेली, गवताची टोकं हलली. मग सरळ वर चढली, ठिपक्याएवढी झाली, दिसेनाशी झाली, आणि तिथून पडत्या दगडासारखी खाली येऊन वळली. आयुष्यात ती इतकी छान कधी उडाली नव्हती. तिला वाटलं, बाबांनी पाहायला हवं होतं.

“कुठे गेली ती?” मयूररावांनी विचारलं.

“उडतेय, साहेब,” तितर हवालदार म्हणाले.

“समोर उभी आहे का?”

“नाही, साहेब.”

“मग गैरहजर लावा.”

पावसाळा संपला. नव्या भरतीचं संचलन ठरलं. उघड्या माळावर रांगा लागल्या. कोंबडे, लाव्हे, तितर, सगळे छाती काढून, डोळे समोर ठेवून उभे राहिले. खडकावर सिंह बसला होता. हलायचं नाही, असा कडक हुकूम होता.

ससाणा नदीवरून आला तेव्हा त्याला क्षणभर खरंच वाटेना. इतकं व्यवस्थित वाढलेलं ताट त्याने कधी पाहिलं नव्हतं.

चपलेने त्याला पाहिलं. ती त्याच्याही वर होती. खाली तिला गैरहजर लावणारे सगळे हजर होते. गप्प राहिली असती तरी तिला कुणी बोल लावला नसता. पण ससाण्याने पंख मिटले, झडप घ्यायला अंग आवळलं, आणि चपलेला तो दुपारचा कडा आठवला.

ती त्याच्या तोंडावर जाऊन आदळली. पंखाचा फटका डोळ्यावर बसला. ससाण्याचा नेम चुकला, आणि तो चिडून तिच्या मागे लागला. चपला कड्याकडे सुटली. मागून त्याच्या पंखांचा आवाज ऐकू येत होता. कड्यात एक चीर होती, पाकोळी जाईल एवढीच. अगदी शेवटच्या क्षणी चपला कुशीवर वळली आणि चिरेतून पार झाली. ससाण्याला वळता आलं नाही. तो खांद्यावर आपटला आणि नदीपलीकडे कसाबसा जाऊन पडला.

त्याला पुन्हा कधी उडता आलं नाही. तिकडच्या हवाई दलाने त्याला लगेच घेतलं म्हणतात.

इकडे माळावर फक्त एक सावली येऊन गेली होती.

“ती सावली कसली?” सिंहाने विचारलं.

“शत्रू आला होता, महाराज,” मयूरराव म्हणाले. “आपली रांग पाहिली आणि पळाला.”

सिंहाने मयूररावांना तिथल्या तिथे पदक दिलं. चपलेवर आरोप ठेवण्यात आला. संचलन चालू असताना ती महाराजांच्या डोक्यावरून उडाली होती.

मयूररावांनी तिला एकटीला बोलावलं.

“पोरी, मी पाहिलं सगळं,” ते हळूच म्हणाले. “मोराची मान वर होते.”

“मग महाराजांना सांगितलं का नाही, साहेब?”

“सांगितलं असतं तर त्यांनी वर बघायचा प्रयत्न केला असता. मान लचकली असती. जबाबदार कोण?” त्यांनी पदक सारखं केलं. “पण मी उपकार विसरत नाही. तुला नोकरी देतो. पक्की.”

नोकरी अशी होती. मुख्यालयामागे मोठी शिळा होती. तिच्यावर पंख पसरून लटकायचं. हवाई दलाला बोधचिन्ह नव्हतं. ते चपलेने व्हायचं.

आई रडली. आनंदाने रडली. आणि चपलाही विचार करून हो म्हणाली. आत शिरलं की हळूहळू काही करता येईल, असं तिला वाटलं. तसं सगळ्यांनाच वाटतं.

ती शिळेवर लटकू लागली. पाहुणे येत. “किती जिवंत वाटते!” म्हणत. चपला हलत नसे. वाळवी वेळेवर मिळे.

मग एका सकाळी कड्याकडून आईची किंकाळी आली. ससाण्याची मादी आली होती आणि कपारीत नख्या घालत होती.

“साहेब, मी जाऊ?” चपलेने विचारलं.

“बोधचिन्ह जागा सोडत नसतं,” मयूरराव म्हणाले. “काय आहे? सांग. आम्ही मानवंदनेची तयारी करतो.”

चपलेने नखं सोडली. शिळेवरून ती खाली पडली, आणि जमीन यायच्या आत उडाली.

भावंडं वाचली. एकाचं एक पीस गेलं, ते पुढे उगवलं. ससाणीण नदीपार हाकलली गेली, आणि चपला त्या दिवसापासून नदीवरच फिरू लागली. मग पलीकडून कुणी आलं नाही.

हवाई दलाने तिला फरार जाहीर केलं. तितर हवालदारांच्या हाताखाली शोधपथक निघालं. त्यांनी पायी सगळं जंगल पालथं घातलं. झुडुपांखाली पाहिलं, बिळांत डोकावलं, वारुळं उकरली. चपला कुठेच सापडली नाही.

ती दिवसभर त्यांच्या बरोबर डोक्यावर होती.

तात्पर्य : हवाई दलात जायचं असेल तर पाय भक्कम हवेत. पंख असले तरी चालतात. फक्त ते वापरताना कुणी पाहू नये.