बॅटरीचे गृहनिदान

माणसाला आजार आणि गाडीला बिघाड कधी चुकत नाही; फरक इतकाच, की माणसाचं निदान करायला निदान एखादी पदवी तरी लागते.

वजनमापे खात्यातल्या साहेबांची गाडी त्या सकाळी नुसती 'टक्' म्हणाली, तेव्हा ते मनातून सुखावले. व्होल्ट मोजायचं मीटर त्यांनी मोठ्या हौसेनं आणून ठेवलं होतं आणि मेलं घरात काही बिघडत नव्हतं. (रिमोटचे सेल माणूस मोजून मोजून किती मोजणार?)

बायको पिशवी घेऊन पायऱ्यांवर उभी होती. तिच्या आईचं ऑपरेशन झालं होतं आणि आज दवाखान्यातून सोडणार होते. लेकीच्या घरी चार दिवस विश्रांती, असं ठरलेलं.

"टॅक्सी बोलावते," ती म्हणाली.

"घरची गाडी असताना? पाच मिनिटं थांब."

शास्त्र असं, की गाडी बंद असताना बॅटरीनं साडेबारा व्होल्टच्या वर दाखवावं. इंजिन चालू असताना चौदाच्या आसपास दाखवलं, तर बॅटरी भरणारा अल्टरनेटर ठीक. साहेबांचं मीटर पावणेबारा म्हणालं. म्हणजे बॅटरी उतरली होती. सामान्य माणूस ती चार्ज करून मोकळा झाला असता. पण साहेब पडले निरीक्षक. त्यांना आरोपी हवा होता.

शेजाऱ्याच्या बॅटरीला वायरी जोडून त्यांनी इंजिन सुरू केलं. आकडा चौदा. अल्टरनेटर निर्दोष सुटला. बायको आत बसणार, तोच साहेबांनी इंजिन बंद केलं. (चालू गाडीत विजेची गळती मोजता येत नाही.) ते पुन्हा सुरू झालं नाही आणि शेजारी तोवर कामाला निघून गेला होता.

आता बंद गाडीत वीज कुठे मुरते ते शोधणं आलं. मीटर व्होल्टवरून करंटवर लावून एकेक फ्यूज काढायचा. ज्याच्यानं आकडा पडेल तो चोर. पण फ्यूज गाडीच्या आत. दार उघडलं की आतला दिवा लागे आणि आकडा चढे, दार लावलं की उतरे. शंभर टक्के चोऱ्या साहेब घटनास्थळी हजर असतानाच होत होत्या. हा योगायोग त्यांना फार सूचक वाटला. काल गाडीत शेवटी कोण बसलं होतं, हे विचारायला ते बायकोकडे वळले, तर पायऱ्या रिकाम्या.

ती आली ती टॅक्सीनं, आईला घेऊन. सासूबाई पोटावर हात दाबून उतरल्या आणि उघड्या बॉनेटपाशी क्षणभर टेकल्या.

"जावईबापू, सकाळपासून उन्हात आहात. काही खाल्लंत का?"

"वायरिंगमध्ये गळती आहे, आई. सापडेलच आता."

त्या लेकीच्या आधारानं एकेक पायरी चढू लागल्या. दुसऱ्या बाजूनं कुणीतरी हात द्यायला हवा, हे साहेबांना दिसत होतं. पण त्यांच्या दोन्ही हातांत मीटरच्या वायरी होत्या.

चोर अखेर कोणत्या फ्यूजमागे सापडला, हे कळावं म्हणून आपण इथवर वाचत आलात, याची आम्हाला जाणीव आहे. सासूबाईंचं ऑपरेशन कसलं होतं, हे मात्र आपणही विचारलं नाहीत.