कमलताईंची तीन कोटेशनं

कमलताई सातपुते कोथिंबिरीची जुडीसुद्धा तीन कोटेशनं घेतल्याशिवाय विकत घेत नसत.

सरोजिनी नगरच्या भाजीबाजारात त्या पहिली फेरी रिकाम्या हातांनी मारायच्या. हातात पिशवी दिसली की भाव वाढतो, असं त्यांचं मत होतं. मग तीन गाड्यांपाशी थांबून प्रत्येकाला म्हणायच्या, "भैया, ज़बानी नहीं. लिखकर दो." नवा भाजीवाला घाबरायचा. त्याला वाटायचं, बाई तपासणीला आल्यात. जुने मात्र हसत हसत कागदाच्या कपट्यावर 'धनिया २' असं लिहून खाली सही ठोकायचे. ते तीन कपटे शेजारी शेजारी धरून कमलताई वाचायच्या आणि सगळ्यात कमी भाववाल्याकडे परत जायच्या. तोवर कधी कधी त्याची कोथिंबीर संपलेली असायची. तरी दुसऱ्याकडून त्या घेत नसत. त्या दिवशी आमटी कोथिंबिरीविना.

त्या केंद्र सरकारच्या एका खात्यात, खरेदी विभागात, छत्तीस वर्षं होत्या. पंखे, टाचण्या, टाइपरायटरच्या फिती, पुढे कॉम्प्युटर, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कोणी विचारलं तर म्हणायच्या, "एकच कोटेशन आलं होतं. नियमात बसेना."

माझी त्यांची ओळख एका डब्यामुळे झाली. मी परभणी जिल्ह्यातल्या लहान गावातून दिल्लीला एम. ए. करायला आले होते आणि मुनिरक्यात एका खोलीत राहत होते. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. कॉलेजात गेलेली घरातली मी पहिलीच, त्यामुळे कोणाला काय विचारावं हेही मला कळत नसे. निघताना गावातल्या सातपुते गुरुजींनी शेंगदाण्याच्या चटणीचा डबा दिला होता, "आमच्या बहिणीला पोचव" म्हणून. मी तो घेऊन त्यांच्या सरकारी क्वार्टरवर गेले. कमलताईंनी डबा उघडला, वास घेतला आणि आत जाऊन एक कागद लिहून आणला: 'शेंगदाणा चटणी, एक डबा, सुस्थितीत मिळाला.' खाली सही.

"ही पोच. जपून ठेव," त्या म्हणाल्या. "आता जेवून जा. नाव काय म्हणालीस?"

"शमा."

"शमे, रविवारी काय करतेस?"

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जाऊ लागले. एकदा माझा चष्मा फुटला, तर त्यांनी मला तीन दुकानं फिरवली. अख्खा दिवस गेला. चष्म्यात चाळीस रुपये वाचले, ऑटोला साठ गेले. मी भीत भीत तसं म्हटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ऑटोचं हेड वेगळं. तो प्रवासखर्च." ते साठ रुपये त्यांनीच दिले होते, हे मात्र माझ्या पुष्कळ नंतर लक्षात आलं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना कमलताई निवृत्त झाल्या. ग्रॅच्युइटी, फंड, पेन्शनचा विकलेला भाग, असं सगळं मिळून एकदम बरीच मोठी रक्कम त्यांच्या खात्यात आली. किती ते त्यांनी मला पासबुकात दाखवलं. आकडा वाचताना मी शून्यं मोजली. इतकी शून्यं मी फक्त गणिताच्या पुस्तकात पाहिली होती.

"यातली अर्धी पोस्टात ठेवली," त्या म्हणाल्या. "पण नुसत्या व्याजावर भागणार नाही. महागाई बघतेस ना? उरलेली शेअरबाजाराच्या फंडांत घालायची. फंड कोणते ते मी वाचून ठरवलंय. प्रश्न आहे कोणामार्फत घ्यायचे. खरी गंमत तिथे आहे. फंड वर जाईल का खाली, ते कोणाच्या हातात नाही. मधला माणूस किती कापणार, ते मात्र आपल्या हातात आहे."

"पण एखाद-दुसरा टक्काच कापतात ना, ताई?"

त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "एक टक्का पहिल्या वर्षी एकटा असतो, शमे. मग त्याला पोरंबाळं होतात. पंधरा वर्षांनी बघशील तर घरभर." मग जरा आवाज उतरवून म्हणाल्या, "मला या पैशावर शेवटपर्यंत जायचंय. संपला तर मागायला जावं असं दार नाही. गुरुजीचं पेन्शन त्यालाच पुरत नाही."

त्या काळात वर्तमानपत्रात रोज नव्या कंपनीची जाहिरात असायची: खातं उघडा, घरबसल्या गुंतवा, दलाली कमी. कमलताईंनी त्या जाहिराती कापून एका फाइलीत लावल्या. फाइलीच्या डाव्या बाजूला टिप्पणी, उजव्या बाजूला पत्रव्यवहार. मग तीन नावं निवडली आणि मला साक्षीदार म्हणून बरोबर घेतलं.

पहिलं कोटेशन गुडगावचं. बसमधून उतरलो तर चारी बाजूंना काचेच्या इमारती आणि मधे चालायला रस्ताच नाही. आत इतकी थंडी, की कमलताईंनी पदर कानांवरून घेतला. टाय लावलेला एक मुलगा आला. माझ्याएवढाच असेल. त्याने कॉम्प्युटरवर भराभर काहीबाही दाखवलं. दर खरोखरच सगळ्यांत कमी होता. खातं उघडायला काही नाही, वर्षाला थोडे पैसे, दलाली अगदी नावाला.

"मॅम, आपको कहीं आना ही नहीं पड़ेगा," तो म्हणाला. "सब घर बैठे."

"और आप?" कमलताईंनी विचारलं.

"जी?"

"आप आएंगे? काग़ज़ वग़ैरह लेकर?"

मुलगा हसला. चांगला मुलगा होता, त्याला खरंच आनंदाची बातमी द्यायची होती. "नहीं मॅम! हम भी नहीं आएंगे. किसी को नहीं आना पड़ेगा."

कमलताईंनी ते जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. "लिखकर दीजिए," त्यांनी सवयीने म्हटलं, आणि मुलाने छापील कागद दिला.

दुसरं कोटेशन एका बँकेचं. तिथे टोकन घेऊन दोन तास बसलो. दर मधला. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता माहिती दिली, आणि कमलताईंनीही मान वर न करता ती लिहून घेतली. परत येताना त्या म्हणाल्या, "हे आपलंच ऑफिस आहे, फक्त ए.सी. जास्त."

तिसरं कोटेशन स्वतः चालत घरी आलं. मिसेस भाटिया नावाच्या एक जाडजूड बाई, कोणत्यातरी दलाल कंपनीचं काम घरोघरी जाऊन करणाऱ्या. स्कूटी दाराशी लावली आणि मोठी पर्स मांडीवर घेऊन बसल्या. आधी पाणी मागितलं, मग चहा. मग गुडघे, मग सून, मग लाजपत नगरचं पार्किंग. थालीपीठ दिलं तर तीन खाल्ली आणि भाजणीत काय काय असतं ते विचारून घेतलं. दोन तास झाले. कमलताई वही उघडून पेन धरून तशाच बसलेल्या.

"भाटिया जी, रेट?" त्यांनी शेवटी विचारलं.

"अरे सातपुते जी, रेट तो एक मिनट का काम है," असं म्हणून त्यांनी दर सांगितला. पहिल्याच्या कितीतरी वर होता.

"इतना?"

"मैं आती जो हूं. आप द्वारका जाओ, चाहे दार्जिलिंग. महीने में एक बार आऊंगी, स्टेटमेंट हाथ में दूंगी, चाय पिऊंगी."

"यह लिखकर दीजिए."

"आने का भी लिखकर दूं?" मिसेस भाटिया इतक्या हसल्या की पर्स मांडीवरून खाली पडली. त्यांनी फक्त दर लिहून दिला.

त्या गेल्यावर कमलताई ताटल्या उचलत पुटपुटत होत्या, "दर सांगायला दोन तास! आणि तीन थालीपिठं. ती कोणत्या हेडमध्ये टाकायची?" पण त्या दिवशी त्यांनी संध्याकाळपर्यंत तीनदा मिसेस भाटियांच्या सुनेची गोष्ट काढली. सुनेचंच चुकत होतं, असं त्यांचं मत पडलं.

पुढच्या रविवारी तक्ता तयार होता. त्याला त्या 'कम्पॅरेटिव्ह' म्हणायच्या. मोठ्या रेघी कागदावर पट्टीने आखलेला, लाल शाईत बेरजा. पंधरा वर्षांत कोण किती कापणार, ते तळाशी मांडलेलं. पहिल्या आणि तिसऱ्या कोटेशनमधला फरक मी वाचला. अब्बांच्या दुकानाला तेवढं मिळवायला किती पंक्चरं काढावी लागतील, असा हिशेब मनात येऊन गेला.

"म्हणजे गुडगावचंच," मी म्हटलं.

"उघडच आहे. सगळ्यांत कमी दर, त्यालाच ऑर्डर. नियम आहे." असं म्हणून त्यांनी फाइल बंद केली. मला वाटलं, झालं.

पण सही त्यांनी केली नाही.

क्वार्टर सोडायची तारीख जवळ येत होती. कमलताईंचा स्वतःचा फ्लॅट दिल्लीच्याच एका टोकाला, द्वारका नावाच्या नव्या वस्तीत होता. खात्यातल्या लोकांनी मिळून काढलेली सोसायटी. पंधरा-वीस वर्षं हप्ते भरत होत्या. एका शनिवारी आम्ही तिथे साफसफाई करायला गेलो. सातवा मजला. हवा छान होती, खिडकीतून दूरवर नुसत्या क्रेन दिसत होत्या. पण त्या मजल्यावरच्या चारपैकी तीन दारांना कुलपं होती. खाली वॉचमनने सांगितलं, बहुतेकांनी भाव वाढेल म्हणून घेऊन ठेवलेत, राहायला कोणी येत नाही. कुठल्याच बाल्कनीत कपडे वाळत नव्हते.

फरशी पुसून झाल्यावर कमलताई म्हणाल्या, "बेल चालते का बघू. तू आत थांब."

त्या बाहेर गेल्या आणि दार ओढून घेतलं. बेल वाजली. मी आतून ओरडले, "चालते, ताई!" पुन्हा वाजली. मग तिसऱ्यांदा, जरा जास्त वेळ. मी जाऊन दार उघडलं. त्या उंबऱ्याबाहेर उभ्या होत्या, पदर नीट केलेला, पाहुण्या आल्यासारख्या.

"आहे का कोणी घरात?" त्या म्हणाल्या.

आम्ही दोघी हसलो. मी थोडी उशिरा हसले असेन.

परतीच्या बसमध्ये मला फार बोलावंसं वाटत होतं. मी येत जाईन, असं म्हणायचं होतं. पण परीक्षा चार महिन्यांवर होती, पुढे कुठे जाईन ते मलाच माहीत नव्हतं. आणि कमलताईंसमोर तोंडी बोलण्याची सोय नव्हती. म्हणून मी दुसरंच काहीतरी म्हटलं. "ताई, अर्धे पैसे गुडगावला आणि अर्धे मिसेस भाटियांकडे, असं नाही का करता येणार?"

त्या केवढ्याने दचकल्या! "ऑर्डर फोडायची? छत्तीस वर्षांत फोडली नाही. ऑडिट फाडून खाईल."

"पण आता ऑडिट करणारं कोण आहे?"

"मी आहे ना," त्या म्हणाल्या, आणि मुनिरका येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जेवण झालं. कमलताईंनी फाइल पुढे ओढली आणि मला पेन दिलं. त्यांचे हात भांडी घासून ओले होते, म्हणून असेल. की त्यांना स्वतःच्या अक्षरात ते लिहायचं नव्हतं, मला नक्की सांगता येणार नाही.

"लिही. डाव्या बाजूला."

"काय लिहू?"

"सगळ्यांत कमी दर सोडून दुसरा घ्यायचा असेल, तर कारण लेखी द्यावं लागतं. तसा नियम आहे. फार कमी वेळा वापरतात. मी कधीच वापरला नव्हता." त्या माझ्या समोर बसल्या. "लिही: पहिल्या व दुसऱ्या क्रमांकाचे दर कमी असूनही तिसऱ्या क्रमांकाचा दर स्वीकारण्यात येत आहे. पंधरा वर्षांत होणारा जादा खर्च तक्त्यात दाखवला आहे व तो मान्य आहे. कारण पुढीलप्रमाणे."

मी लिहून थांबले. बाहेर कोणीतरी क्रिकेट खेळत होतं. त्यांनी टेबलावरचं पाणी बोटाने पुसलं.

"ताई, त्यांचा अनुभव जास्त आहे, असं लिहू?" मी मदत म्हणून विचारलं.

"खोटं कारण लिहायचं नाही."

मग ऑफिसात साहेबांचं डिक्टेशन घेताना ऐकलेल्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत त्यांनी सांगितलं, "सदर व्यक्ती... महिन्यातून एकदा... घरी येणार आहे."

मी लिहिलं. पूर्णविराम दिला. कागद त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा लावून टिप्पणी पहिल्यापासून वाचली, शेवटच्या ओळीपाशी आल्या आणि माझ्या हातातलं पेन मागून घेतलं. 'एकदा' या शब्दाआधी त्यांनी एक छोटी खूण केली आणि वर, दोन ओळींच्या मधल्या जागेत, बारीक अक्षरात लिहिलं: 'किमान'.

मग दुरुस्ती केली की करतात तशी, त्या शब्दाशेजारी त्यांनी आपली लहान सही केली आणि तारीख घातली.