सरांनी शब्द दिला होता

स्पर्धेला चार दिवस उरले होते आणि अंतर मोजायचं चाक अजून कॉलेजात आलं नव्हतं. चाकाची फाईल ऑफिसात खरेदी पाहणाऱ्या दानेश्वरीच्याच टेबलावर होती. खरेदीला तीन कोटेशनं लागतात. आली होती दोन. तिसऱ्या दुकानदाराचं म्हणणं होतं की असलं चाक आपण ठेवत नाही, आणि ठेवत नाही हे लेखी द्यायची पद्धतही आपल्याकडे नाही.

“मॅडम, चाक पाहिजेच कशाला?” क्रीडा संचालक सोमेश म्हणाला. “मार्ग हिरेमठ सरांनी आखलाय. सरांचं काम आपण मोजायचं म्हणजे जरा...”

“जरा काय?”

“बरं नाही वाटत.”

हिरेमठ सर म्हणजे दानेश्वरीचे वडील, तिचे अप्पा. तेहेतीस वर्षं त्यांनी याच कॉलेजच्या मैदानावर पोरं पळवली. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ क्रॉस कंट्री स्पर्धा सोलापूरला मिळणार अशी कुणकुण लागली, तेव्हा निवृत्त असूनही गेल्या जानेवारीत त्यांनी कॉलेजमागच्या माळावरून, शेतांतून आणि वस्तीतून शर्यतीचा मार्ग आखला. माघात ते गेले. त्याला अकरा महिने झाले होते.

दवाखान्यातून परत आलेल्या पिशवीत चष्मा, टॉवेल आणि एक वही होती. दानेश्वरीने वहीतलं नकाशाचं पान तेवढं उघडलं, झेरॉक्स काढली आणि वही ऑफिसच्या लोखंडी कपाटात ठेवून दिली. पुढचं पान उलटणं तिला जमलं नव्हतं. नकाशाखाली अप्पांनी लिहिलं होतं, ‘पाच फेऱ्या.’ शर्यत दहा किलोमीटरची. म्हणजे फेरी दोन किलोमीटरची, असं सोमेशने तोंडी काढलं आणि झेंड्या रोवायला सुरुवात केली.

प्राचार्यांनी दानेश्वरीला संयोजन समितीवर घेतलं होतं. “तुम्ही सरांची मुलगी. तुमच्याशिवाय कोण?” हे वाक्य वर्षभरात तिने इतक्यांदा ऐकलं होतं की ते ऐकलं की आता तिचे पाय दुखायचे. सुरुवातीच्या रेषेजवळ एक निळी पाटीही लागली होती: ‘कै. विरुपाक्ष हिरेमठ क्रीडामार्ग’. रंग अजून ओला होता. मार्ग मोजून पाहायला बाहेरून येणाऱ्या निरीक्षकांनी तो नाकारला, तर देशभरातून आलेली पोरं या पाटीखाली बसून शेंगा खाणार, एवढंच तिला दिसत होतं.

पहिले आले धोंडिराम. दुपारी, जेवणाचा डबा उघडताना.

“बाई, झेंड्या माज्या ज्वारीत रोवल्यात की!”

“नकाशात तसंच आहे, धोंडिरामदादा.”

“नकाशात आसंल. पन सरांनी शब्द दिला हुता. म्हनले, धोंडिराम, ज्वारी उबी आसली तर पोरं बांधावरनं काढू.”

मेलेल्या माणसाचा शब्द तपासायचा कुठे? दानेश्वरीने डबा मिटला, सोमेशला हाक मारली, आणि झेंड्या बांधावर गेल्या. सोमेशने टेप धरून मोजलं. सत्तर मीटर वाढले.

“सत्तरच आहेत,” तो म्हणाला. “कुठेतरी कमी करू.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजाबाई गोठ्यापुढे आडवी उभी राहिली.

“हितनं न्हाय जायचं कुनी. म्हस गाबण हाय. पन्नास पोरं धाडधाड आली तर बुजंल ती. गोट्याच्या मागनं न्या. सरांनी शब्द दिला हुता.”

“मावशी,” दानेश्वरी थकून म्हणाली, “म्हैस यंदा गाभण आहे. अप्पांना जाऊन अकरा महिने झाले.”

“मंग?”

“मग ते तिच्याबद्दल शब्द कसा देतील?”

गोजाबाईने तिच्याकडे अशी नजर टाकली, की चूक दानेश्वरीचीच ठरली. “तुला बापाची वळख न्हाय बग. सर लई फुडचं बगायचे.”

मार्ग गोठ्यामागून गेला. पन्नास मीटर.

गोठ्याला वळसा मिळाल्याची बातमी वस्तीत चहाच्या आत पोचली. तासाभरात नागूबाई साडीचा पदर खोचत ऑफिसात हजर.

“म्हशीला वळसा, ज्वारीला वळसा. आमच्या विहाराच्या दारावरनं मातर न्हाय व्हय? पोरी टाळ्या वाजवायला पांढरे कपडे धुऊन बसल्यात. सर म्हनले हुते, नागूबाई, शर्यत तुमच्या दारावरनं न्हेतो.”

“म्हणाले होते?” दानेश्वरीने विचारलं.

“आता म्हनले नसतील तरी ते न्हाय म्हनले नसते.”

हे मात्र खरं होतं. आयुष्यभर अप्पांना ‘नाही’ हा शब्द उच्चारताना तिने ऐकलं नव्हतं. त्यांच्या वतीने तो आईने उच्चारला, आणि आई गेल्यावर तिने. आता तिच्यातही त्राण उरलं नव्हतं. आणखी पन्नास.

शेवटी ईरप्पा आला. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात वास्तुशांतीतला उरलेला बुंदीचा डबा.

“अक्का, माजं नवं घर बगितलं का न्हाय? गेटापुढनं शर्यत जाऊ दे. अक्कलकोटचे पाव्हणे येनार हायत. सासरे म्हनाले, जावयाच्या दारावरनं आख्खा भारत पळतोय म्हनं, बगूच.”

“ईरप्पा, सासऱ्यांना सांगितलंत कधी?”

“पंदरा दिस झाले.”

“आणि मला आज?”

“सरांनी शब्द दिला हुता, मंग तुमाला काय इचारायचं?”

सोमेशने नव्वद मीटर वाढवले आणि मग पायरीवर बसून बेरीज केली. सत्तर, पन्नास, पन्नास, नव्वद. दोनशेसाठ. गुणिले पाच, तेराशे. “मॅडम, दहा किलोमीटरची शर्यत अकरा पूर्णांक तीनची झाली.”

“फोनवर मोजून बघ.”

त्याने मोजून पाहिलं. फोनने एकदा एक पूर्णांक आठ सांगितले आणि एकदा दोन पूर्णांक तीन. दुसऱ्या वेळी तो धोंडिरामांच्या विहिरीत डोकावला होता, ते अंतरही धरलं का, हे कळायला मार्ग नव्हता.

“निरीक्षक उद्या येतायत,” सोमेश म्हणाला. “मार्ग चुकला तर वेळा धरत नाहीत. वरून आपल्याला पुन्हा स्पर्धाच देत नाहीत म्हणे. चार फेऱ्या करू का?”

“चार फेऱ्यांचे नऊ किलोमीटर होतात.”

“मग चार फेऱ्या आणि वर थोडं.”

“थोडं कुणाच्या दारावरून?”

वळसे मागे घ्यायला दोघं मिळून वस्तीत गेले. धोंडिराम ज्वारीत उभे होते, हललेच नाहीत. गोजाबाईने म्हशीच्या पाठीवर हात ठेवून नुसतं बघितलं. नागूबाईच्या दारात पोरी टाळ्यांचा सराव करत होत्या. ईरप्पाच्या गेटाला तोरण लागलं होतं आणि मांडववाला खड्डे खणत होता. दोघं चार ठिकाणी चार कप चहा पिऊन परत आले. एकही झेंडी हलली नव्हती.

निरीक्षक नागपूरहून आले, सकाळच्या गाडीने, स्वतःचं चाक पिशवीत घालून. उंच, सुकलेला माणूस. त्यांनी पाटी वाचली, ओल्या रंगाला बोट लागलं ते रुमालाला पुसलं, आणि चाक फक्कीच्या रेषेवर ठेवून चालायला लागले. दानेश्वरी आणि सोमेश मागे. चाक दर मीटरला टक् वाजायचं. बांधावर टक्, गोठ्यामागे टक्. विहारापुढे पोरींनी निरीक्षकांनाच टाळ्या दिल्या. ते दचकले, पण चाक उचललं नाही. ईरप्पाने गेटावर बुंदी पुढे केली. “परत येताना,” निरीक्षक म्हणाले.

दानेश्वरी मनात वाक्य जुळवत होती. चूक माझी आहे. वडिलांचा मार्ग बरोबर होता. मला नाही म्हणता आलं नाही. पाटी आम्ही काढून घेतो.

निळ्या पाटीजवळ निरीक्षक थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी चाकावरचा आकडा वाचला, पुन्हा वाचला.

“दोन हजार चार.”

“काय?” सोमेश ओरडला.

“दोन हजार चार मीटर. पाच फेऱ्यांना वीस मीटर जास्त. तेवढं चालतं.” त्यांनी कागद काढून सही केली. “तीस वर्षांत असा मार्ग पाहिला नाही मी. वळणं बघितली तर वाटतं, दारू पिऊन आखलाय. अन् अंतर बघा. कोणी केलं?”

दानेश्वरीने पाटीकडे बोट दाखवलं.

निरीक्षक बुंदीकडे गेले, तशी ती ऑफिसात आली. कपाट उघडून वही काढली. नकाशाचं पान आलं. ते तिने उलटलं. मागे अप्पांचं बारीक, डावीकडे झुकलेलं अक्षर होतं.

‘फेरी १७४० मी. मोजली, तीनदा. बाकीचं अंतर लोक वाढवतील. कुणाला नाही म्हणू नये. हे दानूला सांगणे.’

झालेल्या प्रत्येक कामापुढे अप्पा खूण करत. शेवटच्या ओळीपुढे खूण नव्हती.

धोंडिरामांना शब्द दिला असता, तर तो इथे लिहिला असता; दिला नव्हता. गोजाबाईला तर नव्हताच. ईरप्पाच्या घराचा पाया खणला अक्षय्यतृतीयेला. तेव्हा अप्पा होते कुठे? चौघांनी आपापल्या सोयीने थापा मारल्या होत्या, आणि चौघांच्या थापांसाठी अप्पांनी जागा सोडून ठेवली होती. फक्त चार मीटरनी चुकले होते.

दारात चपला वाजल्या. ईरप्पा होता. बुंदीचा डबा रिकामा.

“अक्का, जरा दहाच मीटरचं काम हुतं. सासऱ्यांचा गुडगा धरलाय. गेटापातूर येववत न्हाय म्हनं. मांडव टाकीपाशी घातलाय. तेवडा टाकीला वळसा दिला, तर? सर म्हनलेच हुते तसं.”

दानेश्वरीने डोळे पुसले आणि वही मिटली.

“मला म्हणालेत, टाकीला वळसा द्यायचा नाही.”

ईरप्पा चपापला. “सर? न्हाय म्हनले?” त्याचा विश्वास बसेना. “कवा म्हनले?”

“आत्ताच,” ती म्हणाली, आणि चाकाची फाईल बंद करायला घेतली.